हुर्राकच्या मोसमात, हुर्राकशिवाय

आपल्याकडे मित्र मित्राला 'दारू प्यायची का?' असं सहसा विचारत नाही. तो विचारतो, 'काय, बसायचं का?' कुठे बसायचं, कशासाठी बसायचं, हे सांगावं लागत नाही. तुमच्या घरात, ऑफिसात किंवा कॉलेजच्या ग्रुपवर तुम्हीही हा शब्द ऐकलाच असेल.

दारू सोडलेल्या माणसाची खरी अडचण याच शब्दात आहे. बाटली सोडता येते. डॉक्टर मदत करतात, घरचे साथ देतात, एकेक दिवस पुढे सरकतो. पण 'बसणं' सोडलं की सोबत बसणारेही सुटायला लागतात. वीस वर्षांची मैत्री, तिच्यातली टोपणनावं, तेच ते जुने विनोद, अडचणीच्या वेळी मध्यरात्री उचलला जाणारा फोन, हे सगळं एका ग्लासाभोवती जमलेलं होतं, हे तेव्हा कुठे लक्षात येतं.

तुम्ही स्वतः दारू सोडली असेल, किंवा तुमच्या नवऱ्याने, भावाने, मैत्रिणीने सोडली असेल आणि आता जुन्या ग्रुपचं काय करायचं हा प्रश्न घरात फिरत असेल, तर या प्रवासाला माझ्यासोबत चला. प्रवास गोव्याचा आहे आणि तोही ऐन हुर्राकच्या मोसमातला.

तारीख न चुकवणारी ट्रिप

आम्ही पाच जण बेळगावच्या एकाच कॉलेजातले. आता दोघं बेळगावात, एक हुबळीला, एक पुण्याला आणि मी बंगळुरूला. मार्चचा शेवट किंवा एप्रिलची सुरुवात, यातला एक शनिवार-रविवार आमचा ठरलेला. एकाने त्यासाठी लग्नाचा वाढदिवस पुढे ढकलला होता, पण ट्रिप कधी ढकलली नाही.

त्यालाही कारण आहे. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची पहिली धार. त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असतं. तीच दुसऱ्यांदा भाटीवर चढवली की फेणी होते, ती ४२ टक्क्यांच्या घरात जाते. फेणी वर्षानुवर्षं टिकते, हुर्राक टिकत नाही. काजूचा मोसम असेपर्यंतच ती मिळते, पावसाळा आला की संपली. म्हणून गोव्याबाहेरच्या शौकिनांच्याही तारखा काजूच्या झाडाकडे बघून ठरतात.

पाच वर्षांपूर्वी मी दारू सोडली. अपघात झाला नाही, नोकरी गेली नाही. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. शाळेच्या डायरीवर रोज पालकांची सही लागायची आणि ती नेमाने संध्याकाळी सातच्या आत डायरी घेऊन यायची. एकदा मी म्हटलं, ''जेवण झाल्यावर करतो गं.'' ती म्हणाली, ''नको बाबा, नंतर तुझी सही वेगळी येते. टीचर विचारतात.''

तिने तक्रार केली नव्हती, फक्त माझं वेळापत्रक पाठ केलं होतं. त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेलो.

पहिली दोन वर्षं

पहिल्या वर्षी मी ट्रिपला गेलो नाही. ऑफिसचं ऑडिट आहे असं खोटंच सांगितलं. ग्रुपवर चौघांचा फोटो आला आणि त्यानंतर वर्षभर माझा फोन फारसा वाजला नाही. कुणी रागावलं नव्हतं. आमचे फोन मुळात रात्री दहानंतर, दोन पेग झाल्यावर व्हायचे. त्या वेळी मी आता झोपलेलो असायचो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ते पहिलं वर्ष न जाणं बरोबरच होतं. दारू नुकतीच सोडली असेल, संध्याकाळ झाली की हात शिवशिवत असतील, तर गोवा, लग्नाची पार्टी, ऑफिसची ऑफसाइट यातलं काहीही टाळा. मैत्री वर्षभर थांबू शकते. खोटं मात्र सांगू नका. ते मी उगीच सांगितलं आणि पुढे निस्तरावं लागलं.

दुसऱ्या वर्षी मी शूर व्हायचं ठरवलं. सगळं पूर्वीसारखंच करायचं, फक्त हातात सोडा. दुपारी निघालो, संध्याकाळी तावेर्नमध्ये बसलो, रात्री एक वाजेपर्यंत बसूनच राहिलो. अकरापर्यंत मजा आली. त्यानंतर एकच किस्सा तिसऱ्यांदा सुरू झाला आणि सांगणाऱ्याला तो तिसऱ्यांदा सांगतोय हे माहीत नव्हतं. हसणारेही खरंच हसत होते. त्या टेबलावर मी एकटाच असा होतो, ज्याला दुसऱ्या दिवशी सगळं आठवणार होतं.

खोलीवर आलो तर टेबलावर अर्धी बाटली, माझ्या पलंगापासून दोन हातांवर. बाकीचे घोरत होते. कुणी बघणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. मी चारला उठलो, चप्पल घातली आणि उजाडेपर्यंत रस्त्याने चालत राहिलो. पोदेर सायकलवर पाव घेऊन निघाला, त्याचा भोंगा ऐकला तेव्हा परत फिरलो.

त्या सकाळी ठरवलं, यापुढे एक तर यायचं नाही, नाहीतर वेगळ्या पद्धतीने यायचं.

चोर्ल्याची वाट, पण सकाळची

तिसऱ्या वर्षी मी ग्रुपवर दोनच ओळी लिहिल्या. 'मी दारू सोडली आहे, ऑडिट वगैरे काही नव्हतं. या वेळी गाडी मी चालवतो, पण सकाळी सहाला निघायचं.'

पहिल्या वाक्यावर कुणीच काही लिहिलं नाही. दुसऱ्यावर भरपूर भांडण झालं. सहा म्हणजे काय, शनिवार आहे, झोपायचं कधी! पण गाडी चालवायला आयता माणूस मिळाला होता, म्हणून निघाले.

तुम्ही बेळगावहून गोव्याला गेला असाल तर ही वाट ओळखीची असेल. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि मग घाट उतरून केरी, साखळी. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. थोडं पुढे गेलं की ओढे पश्चिमेला म्हादईकडे वळतात. तीच म्हादई खाली गोव्यात मांडवी होते. घाट उतरताना वळणावरून अंजुणे धरणाचं पाणी दिसतं. पावसाळ्यात इथे धुकं आणि धबधबे असतात, मार्चमध्ये मात्र डोंगर करडा होतो आणि उतारावर काजूची झाडं लाल-पिवळी दिसायला लागतात.

इतकी वर्षं या वाटेने जाऊन हे काही मी पाहिलं नव्हतं. आम्ही दुपारी निघायचो आणि घाट संपायच्या आत पहिली बाटली उघडलेली असायची. या वेळी गाडीत चहाचा थर्मास होता. हुबळीकर मित्राने वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगितलं. त्यांना विसर पडायला लागला होता, कधी कधी ते मुलाला ओळखत नव्हते. हे त्याने आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, एखाद्या रात्री साडेअकराला, आणि आम्ही कुणीच ते लक्षात ठेवलं नसेल.

गाडी चालवण्याबद्दल एक सूचना. दारू न पिणाऱ्याकडे स्टिअरिंग येणं स्वाभाविक आहे आणि ते बरंही आहे. कायद्यात १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे आणि घाटाला तर तेवढीही चालत नाही. पण तुम्ही ग्रुपचे फुकटचे ड्रायव्हर होऊ नका. किल्ली तुमच्या खिशात असेल तर निघायची वेळही तुम्हीच ठरवायची. हे आधी बोलून घ्या. पहाटे तीनपर्यंत गाडीत ताटकळत बसणं म्हणजे मैत्री नव्हे.

भाटीवरची सकाळ

सकाळी निघण्याचा फायदा दहा वाजता कळला. सत्तरी तालुक्यात आम्ही एका ओळखीच्या भाटीवर पोचलो. नेहमी आम्ही तिथे संध्याकाळी जायचो, बाटल्या भरून घ्यायचो आणि निघायचो. भाटी चालते कशी, हे पाहिलंच नव्हतं.

काजू आपल्याकडचा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला. बिया सगळीकडे गेल्या, पण बोंडांची दारू करायची कला गोव्याने जपली. २००९ साली गोव्याच्या फेणीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला. तुम्ही पीत असा वा नसा, ही पद्धत एकदा बघण्यासारखी आहे.

बोंडं झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप खाली पडतात, तीच गोळा करतात. बी पिळून वेगळी काढतात. बोंडं पूर्वी दगडी हौदात पायांनी तुडवायचे, आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आहे. तो रस दोन-तीन दिवस आंबवतात आणि मग तांब्याच्या भाणात घालून चुलीवर चढवतात. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते, थंड होते आणि धार लागते. सगळ्या आवारात गोड, आंबट, तिखट असा एक वास भरलेला असतो. एकदा नाकात गेला की तो दोन दिवस जात नाही.

मी तो वास घेऊन दारातच थांबलो. खरं सांगायचं तर पाय थरथरले. भाटीच्या मालकांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मित्राला विचारलं, ''हो पियेना?'' मित्र म्हणाला, ''सोडलीय त्याने.'' काका आत गेले आणि एक ग्लास घेऊन आले. ''मग नीरो घे, पुता.''

नीरो हा त्याच बोंडांचा रस आहे. तुडवून झाल्यावर जो चोथा उरतो, त्याचा ढीग रचून वेलीने बांधतात आणि वर जड धोंडा ठेवतात. रात्रभर त्यातून थेंब थेंब स्वच्छ रस गळतो. तो न आंबवलेला, गोड, थोडा घशाला लागणारा. भाटीवरची बायका-मुलंही सकाळी तोच पितात. त्याच झाडाखाली, त्याच माणसांबरोबर, त्याच मोसमात पिण्यासारखं काहीतरी माझ्यासाठीही होतं. इतक्या वर्षांत मला ते कुणी दिलं नाही, कारण मी कधी सकाळी आलोच नव्हतो.

आम्ही पाचही जणांनी नीरो प्यायला. काकांच्या अंगणात दोन तास बसलो. हो, बसलोच!

आणि दुपारचे तीन

आता गोड गोष्टीतला कडू भाग. आम्ही जवळच्या हरवळेच्या गुंफा बघून, साखळीत माशांचं जेवण जेवून दुपारी परत भाटीवर आलो. मित्रांना बाटल्या भरून घ्यायच्या होत्या. पुणेकर मित्र प्रेमाने माझ्यासाठी पुन्हा नीरोचा ग्लास घेऊन आला. रंग तोच, ग्लास तोच. मी तोंडाजवळ नेला आणि थांबलो. वास बदलला होता. वर बारीक बुडबुडे होते.

काकांनी लांबूनच हात हलवला. ''तो आता नीरो नाही. ऊन लागलं त्याला.''

नीरो काही तासच नीरो असतो. ऊन चढलं की आपोआप आंबायला लागतो. कुणी काही मिसळावं लागत नाही, कुणाचा हेतू वाईट असावा लागत नाही. मी ग्लास खाली ठेवला. मित्र ओशाळला आणि 'सॉरी यार' म्हणाला. मी म्हटलं, ''तुझी चूक नाही रे, उशीर झाला एवढंच.''

तुम्ही दारू सोडलेली असेल तर एवढं लक्षात ठेवा. नीरो किंवा आपल्याकडची नीरा, सकाळी समोर काढलेली असेल आणि तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तरच घ्या. थोडीही शंका असेल तर कोकम सरबत घ्या. ते दुपारी तीनलाही कोकम सरबतच राहतं.

त्या ग्लासाने माझा गुंता सोडवला. मला वाटत होतं, मित्र सोडावे लागतील किंवा जागा सोडावी लागेल. पण माणसं तीच होती, अंगण तेच होतं आणि सकाळी दहाला तिथे मला पूर्ण जागा होती. दुपारी तीनला नव्हती. माझ्या मुलीने हे चौथीतच ओळखलं होतं. तिने बाप सोडला नव्हता, फक्त सातच्या आत यायची.

तावेर्नमध्ये साडेआठपर्यंत

म्हणजे संध्याकाळी जायचंच नाही का? मी जातो, पण घड्याळ लावून. गोव्याचं जुनं तावेर्न म्हणजे झगमगाटी पब नव्हे. चार बाकडी, फळीवर बाटल्या, एका कोपऱ्यात कॅरम किंवा पत्ते. गावातले लोक कामावरून परतताना थांबतात, गावाच्या बातम्या घेतात आणि घरी जातात. तिथे लिंबू-सोडा मागितला तर कुणी वळूनही बघत नाही. बघतात ते आपलेच मित्र.

तर मित्रांच्या टेबलावर टिकायचं कसं? माझ्या चुकांमधून शिकलेल्या काही गोष्टी तुम्हाला देतो.

पोचल्याबरोबर स्वतःचा ग्लास स्वतः मागवा. रिकामा हात दिसला की तो कुणाला तरी भरावासा वाटतो. लिंबू, मीठ, हिरवी मिरची घालून सोडा घ्या. हुर्राकमध्येही लोक लिंबू-मिरचीच घालतात, त्यामुळे चव जिभेला ओळखीची लागते. पण ही ओळखच तुम्हाला नको त्या दिशेला ओढत असेल, तर साधं शहाळं बरं.

कारण एकच सांगा आणि छोटं सांगा. 'मी घेत नाही' एवढं पुरतं. 'गोळ्या चालू आहेत' म्हटलं की लोक विचारतात, 'कधी संपणार?' आणि पुढच्या ट्रिपला तो प्रश्न परत येतो.

उपदेश करू नका. तुम्ही सोडली म्हणजे बाकीचे चुकीचे ठरत नाहीत. त्यांच्या ग्लासांची मोजदाद करणारा माणूस कुणालाच टेबलावर नको असतो.

एका मित्राला आधीच विश्वासात घ्या. माझ्या ग्रुपमध्ये बेळगावच्या एकाला हे काम दिलं आहे. कुणी 'एकच घे रे, आमच्यासाठी' म्हणायला लागला की तो विषय बदलतो. मला काही बोलावं लागत नाही.

निघायची वेळ आधी सांगा आणि पाळा. माझी साडेआठची आहे. जेवण झालं की मी उठतो. विनोद अजून ताजे असतात, कुणी रडायला लागलेलं नसतं. मग मी घरी फोन करतो. पूर्वी बायको माझा 'हॅलो' ऐकून समजून जायची की किती झाली आहे. आता ती काय जेवलास एवढंच विचारते.

आणि खोली वेगळी घ्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. दोन हातांवरच्या अर्ध्या बाटलीपेक्षा ते स्वस्त आहे.

रविवारची सकाळ तुमची

दारू सोडल्यावर गोव्याची रविवारची सकाळ परत मिळते. पूर्वी आमचा रविवार दुपारी बाराला, लिंबूपाणी आणि डोकेदुखीच्या गोळीने सुरू व्हायचा. आता मी सहाला उठतो. पोदेराकडून गरम पोई घेतो आणि पणजीहून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर जातो. तिथून फेरीबोट मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर नेते. काही मिनिटांचाच प्रवास. बोटीत मासेवाल्या, सायकलवाली मुलं, चर्चला निघालेली घरं. बेटावर पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चजवळून चहूकडे पाणी आणि शेतं दिसतात.

तुम्ही कुटुंबासह गेलात तर वाळपईजवळच्या ब्रह्मकरमळीचं ब्रह्मदेवाचं देऊळ बघा. ब्रह्मदेवाची देवळं देशात फारच थोडी आहेत. ही काळ्या पाषाणातली मूर्ती पोर्तुगीज काळात जुन्या गोव्याजवळच्या करमळीहून लोकांनी इथे आणली आणि येताना गावाचं नावही सोबत आणलं. ज्यांना आपलं जुनं ठिकाण सोडावं लागलं, त्यांनी आपली माणसं आणि आपलं नाव कसं सांभाळलं, हे बघून मला दर वेळी धीर येतो.

जूनमध्ये जाणार असाल तर २४ तारखेचा सांज्याव गाठा. संत जॉनच्या या सणाला लोक डोक्यावर पानाफुलांचा कोपेल घालून विहिरीत, तळ्यात उड्या मारतात. नव्या जावयाचं त्या दिवशी सासुरवाडीत खास कौतुक असतं. फेणी तिथेही फिरते, पण उडी मारायला, गाणी म्हणायला, सासूबाईंच्या हातचं खायला फेणी लागत नाही.

पहिल्या वर्षी दिवाडीला मी एकटा गेलो. पुढच्या वर्षी फेरीबोटीवर माझ्यामागून कुणीतरी धापा टाकत चढलं. आमच्यातला सगळ्यात जास्त पिणारा. डोळे लाल होते, शर्ट उलटा घातला होता. बराच वेळ तो कठड्याला धरून उभा राहिला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, ''तुला पहिल्या दिवशी काय झालं होतं रे? म्हणजे, सोडलीस त्या दिवशी?''

मी त्याला जे झालं ते सांगितलं. घाम, झोप न येणं, चिडचिड, डॉक्टर. आणि हेही सांगितलं की रोज पिणाऱ्याने एकट्याने, एकदम बंद करू नये. शरीराला सवय झालेली असते. अचानक सोडल्यास झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. त्याने मान हलवली. बोट लागली तसा विषय संपला.

तो अजून पितो. हे मी लपवणार नाही. पण तेव्हापासून तो मला अधूनमधून सकाळी सातला फोन करतो. काही खास बोलत नाही, 'उठलास का' एवढंच. मी त्या टेबलावरून कायमचा उठून गेलो असतो, तर हा फोन त्याने कुणाला केला असता?

बोलण्याने काय होतं?

याचं उत्तर गोव्यातच मिळतं. इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा एक अभ्यास झाला. तो २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती आणि भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष घातक पिण्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होतं. फरक चमत्कारासारखा नाही, पण कुणीतरी समोर बसून न रागावता बोललं तर माणूस हलतो, एवढं त्यातून दिसतं.

तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल तर नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांत होतात, गोव्यातही होतात. प्रवासात मन डळमळलं तर त्या शहरातली सभा शोधा. तिथेही लोक गोल करून बसतात, समोर चहा असतो आणि सांगितलेले किस्से दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आठवतात.

आणि घरच्यांना एक विनंती. तुमच्या माणसाने दारू सोडल्यावर 'आता त्या मित्रांचं नाव काढायचं नाही' अशी अट लगेच घालू नका. काही मित्र खरंच सोडावे लागतात. जो प्रत्येक वेळी ग्लास पुढे सरकवतो आणि नाही म्हटलं की तोंड फिरवतो, त्याला खुशाल सोडा. पण जे सकाळी दहालाही मित्र असतात, त्यांना सकाळी दहाला भेटू द्या. घरी नाश्त्याला बोलवा. जो माणूस इतकी वर्षं एकाच प्रकारे बसायला शिकला, त्याला दुसऱ्या प्रकारे बसायला वेळ लागतो.

परतीच्या नाक्यावर

रविवारी दुपारी परतताना घाट चढून कणकुंबीच्या नाक्यावर गाडी थांबवतात. गोव्याहून येणाऱ्या गाड्यांमध्ये बाटल्या असतात, हे तपासणाऱ्यांना पाठ आहे. गेल्या वर्षी डिकी उघडली तेव्हा आत काजूगर, दोन डझन पोई, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या आणि एका मित्राने बायकोसाठी घेतलेलं दोदोल होतं. तपासणाऱ्याने आगळाची बाटली उघडून हुंगली, आमच्या पाच पिकल्या डोक्यांकडे पाहिलं आणि विचारलं, ''गोव्याला जाऊन एवढंच?'' पुणेकर मित्र म्हणाला, ''बाकीचं तिकडेच संपवलं, साहेब!'' आम्ही सगळे हसलो. त्यात मीही होतो.

या वर्षीची तारीख ठरली आहे. परवा ग्रुपवर मेसेज आला. तो मी लिहिला नव्हता. उलटा शर्ट घालून फेरीबोटीवर चढलेल्या मित्राने लिहिला होता.

'शनिवार, सकाळी सहा. कुणी उशीर करू नका, नीरो आंबतो.'